उजव्या बाजूचं पाणी

कुठलीही बातमी सांगा, काका आधी मनगट झटकायचे. बोटांवरचं पाणी झटकावं तसं, दोनदा. मग म्हणायचे, "एमां शुं?"

'त्यात काय एवढं' याचं हे गुजराती. बडोद्यात पिढ्या काढलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात असे काही शब्द पाहुणे म्हणून येतात आणि मग घरचेच होतात. काकांनी हे दोनच शब्द ठेवून घेतले होते, पण त्यांना भरपूर राबवलं. कुणाचा मुलगा कॅनडाला गेला, एमां शुं? कुणाच्या सुनेने पीएचडी केली, एमां शुं? एका पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी कारेलीबागेत शिरलं आणि आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मगर दिसली. आम्ही सगळे गच्चीवर. काका मात्र जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून तिच्याकडे बघत होते. वरून हाका मारल्या तर म्हणाले, "एमां शुं? तीपण घर सोडून आलीय बिचारी."

मी त्यांच्या फ्लॅटच्या अगदी खाली राहते आणि गणिताच्या शिकवण्या घेते. त्यामुळे ते मला 'टीचर' म्हणत. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोड्यांना दाणा घालायला होते. काका मात्र 'आमचं घराणं घोडदळातलं' असं सांगत. ते स्वतः रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. नोकरी वेळेआधी सोडली आणि लोणचं घालायला बसले. काकू बँकेत होत्या आणि स्वयंपाकघराशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं, तेव्हा ही वाटणी दोघांनाही पटली.

वर गॅलरीत आता नव्या भाडेकरूंनी कपडे धुवायचं मशीन ठेवलं आहे. तेव्हा तिथे काका पाटावर बसत. थंडी पडली की बडोद्यात घरोघरी ताटाच्या डाव्या बाजूला ओल्या हळदीच्या काड्या येतात. लिंबू, मीठ, थोडं आलं, हिरवी मिरी. काका त्या काड्या इतक्या सारख्या कापत की माझ्या मुलांना मी समांतर रेषा शिकवताना त्यांचीच बरणी दाखवायचे. थंडी संपली की वर्षाच्या मसाल्यांचा हंगाम. मग अख्ख्या सोसायटीची हळद काका वाळवून, दळून, चाळून द्यायचे. थोडक्यात, त्यांचे हात बारा महिने पिवळे. नखं तर जुन्या पितळेसारखी, जाड आणि पिवळीधमक. ती वाढतही नसत. आमच्या लग्नाच्या वेळचं नेलकटर अजून नवंकोरं आहे, असं काकू लोकांना सांगायच्या. त्यात त्यांना कौतुक वाटायचं की तक्रार होती, हे मला कधी कळलं नाही.

तुम्ही त्या नखांकडे बघून काय म्हणाला असता? हळद. आम्हीही तेच म्हणालो.

दुखण्याची सुरुवात कशी झाली, ते आम्हाला फार उशिरा कळलं. काका जिना चढताना मध्येच, विजेच्या मीटरांपाशी थांबायला लागले. चष्मा वर करून एकेकाचं मीटर वाचायचे. मग मला सांगायचे, टीचर, तुमची युनिटं वाढली आहेत, मुलांना पंख्याखाली गणितं जास्त जमतात का? वरच्या मजल्यावरच्या, वास्तूचे सल्ले देणाऱ्या भाईंना सांगायचे, तुमचा एसी कॉम्प्रेसरवर खर्च करतोय. सगळ्यांना वाटलं, रिकामा माणूस, नसती चौकशी. भाईंनी तर मीटरच्या पेटीला कुलूप लावायची सूचना सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडली. खरं म्हणजे काकांना एका दमात जिना चढवत नव्हता, आणि ते मान्य करण्यापेक्षा चारचौघांत भोचक ठरणं त्यांना सोपं वाटत होतं.

शेवटी एक दिवस ते मीटरच्या पेटीशी खालीच बसले. छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साचलेलं. काकूंना बँकेत वर्षअखेर होती, तेव्हा काकांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून मी घेऊन गेले. मागे बसूनही ते वळणावर हात बाहेर काढून इशारा द्यायचे, त्यामुळे मला उजवीकडे जायचं असताना लोकांना आम्ही डावीकडे निघालोय असं वाटायचं. डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून पाणी काढलं. चांगली मोठी बाटली भरली. पाणी फिकट पिवळं होतं. काकांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि तिथल्या नर्सला म्हणाले, "बघा, आमच्या आत पण हळदच निघाली." नर्सने बाटली काढून घेतली.

आपल्याकडे छातीत पाणी झालं की पहिलं नाव टीबीचं येतं. त्यात चूक काही नाही, बहुतेक वेळा तसंच असतं. जंतू सापडले नाहीत, पण पाण्यातल्या पेशी बघून डॉक्टरांनी टीबीचं औषध सुरू केलं. काकांनी ते इमानेइतबारे घेतलं. ते घेताना पाणी पुन्हा साचलं, पुन्हा काढलं. औषध पुरं झालं, आणि पाणी परत आलं.

आता सोसायटीला काम मिळालं. काकूंना कुणी म्हणालं, ते पाणीच फार पितात. कुणी म्हणालं, माठाचं पितात म्हणून. वास्तूवाल्या भाईंनी घर फिरून पाहिलं आणि निदान केलं की माठ स्वयंपाकघराच्या उजव्या कोपऱ्यात आहे, म्हणून पाणी उजव्या बाजूला भरतं. काकांचा विश्वास नव्हता, पण माठ हलवायला काही लागत नाही, म्हणून तो डावीकडे ठेवला. पुढच्या फोटोत डाव्या बाजूलाही थोडं पाणी दिसलं. माठ गुपचूप उजवीकडे परत आला. भाईंसमोर हा विषय नंतर कुणी काढला नाही.

हृदय तपासलं, उत्तम. लिव्हर, किडन्या, थायरॉइड, सगळं उत्तम. काका म्हणायचे, माझी तब्येत एकदम फर्स्ट क्लास आहे, फक्त श्वास घेता येत नाही.

पण हे झालं त्यांच्या छातीचं. त्यांच्या जिवाला जे लागलं ते वेगळंच होतं. टीबी हा शब्द सोसायटीत जिन्याने न जाताही सगळ्या मजल्यांवर पोचला. कुणी एका शब्दाने काही बोललं नाही. फक्त त्या थंडीत सगळ्यांकडचं लोणचं अजून शिल्लक होतं. कुणाचं पित्त वाढलं होतं, कुणाच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. काकांनी कापून ठेवलेल्या हळदीच्या बरण्या गॅलरीत ओळीने तशाच उभ्या राहिल्या. मी घेत होते, पण मी एकटी किती हळद खाणार? मी म्हटलंसुद्धा, लोक मूर्ख आहेत, काका. त्यांनी मनगट झटकलं आणि ठरलेलं बोलले.

आणि दुसरं त्याहून मोठं. त्यांची एकुलती मुलगी पुण्याला दिलेली, तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. काकांनी डिंक, आळीव, खारीक सगळं आधीच आणून डब्यांत भरलं होतं, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. बाप्या माणसाने बाळंतिणीचे लाडू वळायचे म्हणून काकू हसायच्या. टीबीचं निघाल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिने इथे येऊ नये. बरोबरच होतं. बाळंतपण सासरी झालं. काकू तिकडे गेल्या आणि काका इथे एकटे. डिंकाचे लाडू त्यांनी करून काकूंबरोबर पाठवले होते, तोंडाला रुमाल बांधून वळलेले. मुलीने ते खाल्ले की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा मी वरच होते. फोन ठेवून ते म्हणाले, "नात झाली, टीचर. लेक म्हणते, तिला इथे नाही आणणार. एमां शुं? फोनवर दिसतेच की." आणि मनगट झटकायचं विसरले.

मग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. सात वाजता माझा नववीचा वर्ग असायचा आणि वरून काकांचे बोबडे बोल ऐकू यायचे. पोरं हसायची. मीही हसायचे. पण कॉल संपल्यावर वर इतकं शांत व्हायचं की मला फळ्यावर काय लिहीत होते ते आठवायचं नाही. औषधं पुरी झाली की नात येणार होती. औषधं पुरी झाली, पण पाणी परत आलं, म्हणजे औषध लागू पडलं नाही की काय, टीबी हट्टी आहे की काय, अशी शंका निघाली. येणं पुन्हा पुढे गेलं.

तेव्हा आम्ही दुसऱ्या, मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथे छातीच्या एक तरुण डॉक्टर होत्या. मूळच्या बडोद्यातल्याच दांडिया बाजारच्या, म्हणजे आपल्याच मराठी. काका त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचे. बाई चिकाटीच्या. पाणी साचण्याची आडवळणाची कारणं किती असतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. वर्कशॉपमध्ये अॅस्बेस्टॉस हाताळलं का, असं त्यांनी विचारलं आणि काकांनी अर्धा तास इंजिनांच्या ब्रेकविषयी सांगितलं. स्कॅन केला, तसं काही नव्हतं. स्वादुपिंडातून कुठे गळती होते का पाहिलं. आधी कुठली जुनी औषधं घेतली होती का, ते विचारलं. कॅन्सरच्या पेशी शोधल्या, सुदैवाने नव्हत्या. काही सापडलं नाही की बाई पेन टेबलावर आपटायच्या. काका त्यांची समजूत घालायचे, जाऊ द्या हो, तुम्ही केलंत ना प्रयत्न. रुग्णाने डॉक्टरला धीर द्यायचा, हे मी तिथेच पाहिलं.

तिसऱ्या भेटीत काकांनी बिचकत बिचकत बरणी पुढे केली. बाईंनी झाकण उघडलं, तिथेच दोन काड्या तोंडात टाकल्या आणि म्हणाल्या, लिंबू थोडं कमी चाललं असतं. काकांना खोड काढलेली बिलकूल खपत नसे. त्या दिवशी स्कूटरवर मागे बसून ते घरापर्यंत हसत होते, आणि इशारा द्यायलाही विसरले.

आता गंमत बघा. बाईंनी त्यांचे हात हातात घेऊन नाडी पाहिली होती. बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्याचं यंत्र लावलं तर आकडा येईना, तेव्हा 'हळदीमुळे नीट वाचत नाही' म्हणून कानाला लावलं. कुणी परदेशातला डॉक्टर असता तर त्याने नखं बघून तिथल्या तिथे पुस्तक उघडलं असतं. पण बाई बडोद्याच्या. पिवळं नख म्हणजे हळद, हे त्यांनी आईच्या दुधाबरोबर शिकलेलं. त्यातून लोणचं त्यांच्या फ्रिजमध्ये. संशय यायचा कुठून?

आणि पाय काका कुणालाच दाखवत नसत. वर्कशॉपचे जड बूट गेले, पण मोजे राहिले. उन्हाळ्यात चपलेत मोजे, घरात मोजे, झोपताना मोजे. बाईंनी पायाची सूज विचारली तर मोज्याच्या वरून नडगी दाबू दिली. सूज होती. फिटर होतो, उभं राहून पाय भरले, हे त्यांचं उत्तर. मोजे उतरवा म्हटलं की घोडदळ मध्ये आणायचे, आमच्यात शस्त्र आणि मोजे खाली ठेवत नाहीत. खरं कारण मला काकूंनी सांगितलं होतं. पायाची नखं फार कुरूप झाली होती, त्यांची त्यांना लाज वाटायची.

याच सुमारास काकांना साठ पुरी झाली. त्यांना समारंभ नको होता. काकूंना हवा होता, कारण टीबी म्हणून तोंड फिरवलेल्या सगळ्यांना बोलावून जेवू घालायचं त्यांच्या मनात होतं. समाजाचा हॉल घेतला. साठी शांत. डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं. मुलगी-जावई पुण्याहून आले, सात-आठ महिन्यांची नात घेऊन. पण काकांनी आधीच बजावलं होतं की बाळाला लांब ठेवा, मला कुणाचा शब्द नको. म्हणून जावई तिला घेऊन हॉलच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभे. काका पाटावरून हातातलं उपरणं हलवून दाखवायचे. बाळ दुसरीकडेच बघायचं.

पूजा पुढे सरकली आणि गुरुजी म्हणाले, आता मुलीने आई-वडिलांचे पाय धुवायचे. काकांनी मोज्यांसकट पाय तांब्याच्या परातीत ठेवले. गुरुजी थांबले. मोज्यांची पूजा कुठल्याही शास्त्रात नाही, असं ते शांतपणे म्हणाले. काकांनी वाद घातला, भाव महत्त्वाचा. गुरुजींनी भाव मान्य केला, मोजे नाही. काकू खालच्या आवाजात काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही, पण काकांनी मोजे काढले.

पाय सुजलेले होते. आणि दहाच्या दहा नखं पिवळी, जाड, वाकलेली. गुरुजींना वाटलं, हळद आधीच लावून आणली आहे. क्रम चुकला, आधी पाणी, मग हळद-कुंकू, असं म्हणून त्यांनी मुलीला नखं धुऊन काढायला सांगितलं. तिने पाणी घातलं, चोळलं, परत पाणी घातलं. रंग जाईना. ती खाली मान घालून चोळतच राहिली. पुरे आता, पाय झिजतील, असं शेवटी गुरुजींनाच म्हणावं लागलं.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या रांगेत पन्हं पीत बसल्या होत्या. त्यांनी पेला खुर्चीवर ठेवला, तरातरा पुढे आल्या आणि काकांच्या पायांशी गुडघे टेकून बसल्या. काकांना भरून आलं. एवढी शिकलेली बाई आपल्या पाया पडते म्हणून त्यांनी डोळे मिटून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि 'अखंड सौभाग्यवती भव' असा आशीर्वाद दिला. बाईंचं लग्न व्हायचं होतं. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी मोबाइलचा दिवा लावला होता आणि अंगठ्याचं नख दोन बोटांत धरून उलटंसुलटं बघत होत्या. त्या वाकल्या हे पाहून मागच्या मंडळींना वाटलं, नमस्कार सुरू झाले. त्यांच्यामागे रांग लागली. सगळ्यात पुढे वास्तूवाले भाई, हातात पाकीट.

बाईंनी मान वर केली.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही लोणचं पायांनी कालवता का?"

 काका रागावले. उभ्या आयुष्यात त्यांच्या स्वच्छतेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि इथे भरल्या हॉलमध्ये, होमासमोर. त्यांनी शपथ घेतली, काकूंना साक्षीला काढलं. बाई तोंडभर हसत होत्या. मग पायाला हळद लागली कशी, असं त्यांनी विचारलं, आणि काकांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. हातांच्या नखांचा हिशोब आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं पक्का धरून ठेवला होता, आणि तो पायाशी येऊन चुकला.

उद्या दवाखान्यात या, मोजे न घालता या, एवढंच सांगून बाई पुन्हा पन्ह्याकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नीट समजावलं. क्वचितच कुणाला होणारा आजार. अंगातला रस वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या सुस्त होतात. मग पायाला सूज येते, छातीत पाणी साचतं, नाक चोंदलेलं राहतं, आणि नखं वाढायची थांबून जाड, पिवळी होतात. का होतं, ते अजून पुरतं कुणाला माहीत नाही. हळदीचा संबंध नाही, टीबीचाही नाही. नाव काय, तर पिवळ्या नखांचा आजार. काका जरा नाराज झाले. म्हणाले, एवढे महिने शोधलंत आणि शोधून काढलंत काय, तर माझी नखं पिवळी आहेत. हे तर कामवालीलाही माहीत होतं.

बाईंनी पुढचे उपाय सांगायला सुरुवात केली. काकांनी त्यांना थांबवलं. खुर्चीच्या कडेला सरकून बसले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"हे कुणाला लागत नाही ना?"

"नाही, काका."

"लहान मुलाला?"

"कुणालाच नाही. लागत असतं तर पहिलं मला लागलं असतं. अर्धी बरणी मी संपवली आहे."

काकांनी मान हलवली. मग खिडकीकडे बघत बसले, आणि बाईंनी सांगितलेले उपाय मी ऐकून घेतले.

पाणी सारखं साचू नये म्हणून छातीच्या पोकळीत एक प्रकारची बारीक भुकटी सोडतात, तिने दोन पडदे एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला जागाच राहत नाही. ती भुकटी म्हणजे शुद्ध केलेली टाल्कम पावडर. हे कळल्यावर काकांना पुन्हा कंठ फुटला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, लग्नातसुद्धा तोंडाला पावडर लावून घेतली नव्हती, शेवटी छातीला लावावी लागली. दुखलं पुष्कळ. पण उजवी बाजू कोरडी राहिली ती राहिलीच. डावीकडे थोडं होतं, ते वाढलं नाही. जिना एका दमात चढायला लागले, आणि आमची मीटरं परत कुणी वाचेनासं झालं.

सोसायटीने मात्र हार मानली नाही. 'पिवळ्या नखांचा आजार' एवढंच कानावर पडल्यामुळे सर्वांनी मिळून ठरवलं की हळद फार झाल्याने छातीत पाणी होतं. भाईंच्या घरी तर काही दिवस पांढरी डाळ शिजली. इतके दिवस काकांना भिऊन लोणचं नको होतं, आता लोणच्याला भिऊन. काका चिडले, मग हसले, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनाच एका रविवारी सोसायटीत चहाला बोलावलं. बाईंनी सगळ्यांसमोर पुरीबरोबर बशीभर हळद खाल्ली. दुसऱ्या दिवशी गॅलरीतल्या बरण्या कमी व्हायला लागल्या. भाईंनी दोन नेल्या.

काका पुढे काही वर्षांनी गेले, ते झोपेत, हृदय थांबून. फुप्फुसं कोरडी होती, असं बाईंनी मला आवर्जून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात थोडा अभिमान, आणि दोन्ही मला पटलं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, पावडरीनंतरच्या दिवाळीतलं. मुलगी माहेरपणाला आली होती, नात पावलं टाकायला लागली होती. मी फराळाचं ताट द्यायला वर गेले. बाळ सतरंजीवर, मुलगी तिच्याजवळ, आणि काका खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत. सवय. मुलगी म्हणाली, "घ्या ना तिला, बाबा." काका उठले. हात धुऊन येतो म्हणाले आणि आत गेले.

नळ वाहायला लागला तो वाहतच राहिला. काकूंना टाकीची काळजी. मला म्हणाल्या, जरा बघ गं. मी बघितलं. काका मोरीशी उभे राहून लिंबाची फोड नखांवर घासत होते. एक घासून झालं की दुसरं. मला पाहून ओशाळले नाहीत. "टीचर, जात नाही हो," ते म्हणाले.

"तो रंग जाणार नाही, काका," मी म्हटलं. "चला."

ते बाहेर येऊन सतरंजीवर बसले. मुलीने बाळ उचललं आणि त्यांच्या मांडीत ठेवलं. काकांनी दोन्ही हात बाजूला, हवेत धरून ठेवले. धरावं कुठे ते त्यांना कळत नव्हतं. बाळाने तो हवेतला अंगठा पाहिला. दोन्ही मुठींनी ओढून जवळ घेतला, निरखला, आणि सरळ तोंडात घातला.

 काकांनी अंगठा ओढून घेतला नाही, पण मुलीकडे पाहिलं. तिचा हात सवयीने पुढे आला होता, तो मध्येच थांबला. तिने तो मागे घेतला आणि पदराला पुसला.

"असू दे, बाबा," ती म्हणाली.